इर्माच्या उतारावरचं लुपिन

लव्हर्न : लुपिनची फुलं आहेत की झेंड्याच्या काठ्या, ऑर्विल? माझ्या खांद्याला लागतायत!

ऑर्विल : जळ तू. अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये असा उतार दाखव. तुझी बहीण इर्मा जाताना म्हणाली, "माझं रानलुपिन सांभाळ." सांभाळलं.

लव्हर्न : दिसतंय. ते पान वाकव इकडे. बोटं मोज.

ऑर्विल : कसली बोटं?

लव्हर्न : देठावर पंजासारखी पसरलीयत ना, ती. की मोजायचं कामही इर्माकडेच होतं?

ऑर्विल : तेरा, चौदा... पंधरा! बघ कसं भरगच्च आहे.

लव्हर्न : रानातल्याला सात ते अकरा असतात, महाराज. उंची गुडघ्याएवढी, देठावर लव, फूल निळं. हे गुलाबी कुठून आणलंस?

ऑर्विल : दुकानातून. पाकिटावर 'रानफुलं' असं छापलं होतं.

लव्हर्न : छापलं होतं? मग प्रश्नच मिटला! इर्माच्या त्या निळ्या फुलपाखरांना बिचाऱ्यांना वाचता येत नाही, एवढंच. त्यांच्या अळ्या रानातल्या लुपिनशिवाय कशाला तोंड लावत नाहीत. इर्मा इथे उन्हात बसायची ती काय तुझी वाट बघत?

ऑर्विल : मी जवळ गेलो की खेकसायची. "सावली पडतेय तुझी, सरक."

लव्हर्न : बरोबरच होतं तिचं. सावली पडली की फुलपाखरं उडून जातात.

ऑर्विल : म्हणून गेल्या उन्हाळ्यात एकही फुलपाखरू दिसलं नाही? मला वाटलं, ती गेली म्हणून...

लव्हर्न : ...तिचं लुपिन कुठाय, ऑर्विल? बुटकं, निळं?

ऑर्विल : ते? ते तण होतं गं. खुरटलेलं. या नव्यांना जागा हवी म्हणून उपटलं.

लव्हर्न : धन्य आहेस! बायकोनं एक गोष्ट मागितली, ती मुळासकट उपटलीस.

ऑर्विल : मुळासकट कुठली? मूळ हलेना. माझी कंबर धरली. वरच्यावर तोडलं नि सोडून दिलं.

लव्हर्न : काय? सोडून दिलंस?

ऑर्विल : म्हण आता आळशी.

लव्हर्न : जन्मात पहिल्यांदा तुझा आळस कामाला आला! हो बाजूला. हे उंच महाशय आधी उपट. इर्माच्या लुपिनची मुळं खोल असतात, पुन्हा फुटलं असेल... हे काय! मोज, मोज.

ऑर्विल : थांब, चष्मा... सात, आठ, नऊ. नऊ! पण पान कुरतडलंय. औषध मारू?

लव्हर्न : आधी तुलाच मारीन! खाली बस. पानाच्या मागे बघ.

ऑर्विल : अळी आहे. हिरवी. एवढीशी. इर्मा, आहे गं, आहे... लव्हर्न?

लव्हर्न : काय?

ऑर्विल : सावली पडतेय तुझी. सरक.