अंबूबाईंच्या मशीनचा नंबर

...आणि वर अण्णा मलाच विचारतात, तू त्याला पाठवलासच कशाला! अहो, तुम्हाला सांगतो, गंमत म्हणून पाठवला, मला काय ठाऊक आमचे ज्योतिबाअण्णा चाळीस वर्षं काय दडवून बसलेत... म्हणजे ठाऊक होतं. स्वल्प!

तर हा विद्याधर, पुण्याहून आलेला, सहा दिवस कॉम्प्युटर आणि रविवारी जुन्या शिलाई मशिनी! लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, ह्यानं मल्लेश्वरमच्या दोन खोल्यांत अकरा मशिनी कोंबल्यात, झोपतो कुठं कोण जाणे! मशीनवर नंबर ठोकलेला असतो म्हणे, तो ह्याच्या वहीतल्या यादीत शोधला की जन्मसाल कळतं. माणसाची कुंडली खोटी निघेल, मशीनची नाही! म्हटलं, जा राजाजीनगरला, अंबूबाईंची मशीन बघ.

आता ती मशीन म्हणजे काय? लग्नात अण्णांनी भर मांडवात, सासऱ्यांसमोर, "नवी कोरी, पेटीतून काढलेली" म्हणून बायकोला दिलेली! आणली होती चिकपेटच्या जुन्या बाजारातून, जुनीपानी, वर ताजा काळा रंग आणि सोनेरी वेलबुट्टी. चाळीस वर्षं बाई गल्लीभर सांगतात, आमच्या ह्यांनी नवी मशीन दिली हो... आणि अण्णा? गप्प!

विद्याधर आला, मी होतोच तिथं, त्यानं बॅटरी मारली, आतलं होडीसारखं शटल काढून बघितलं, म्हणाला, असली मशीन पुष्कळ वर्षं निघायची, साल नंबरावरूनच कळेल. आणि नंबर कुठाय? त्यावर हळदकुंकवाचा हा जाड थर, चाळीस दसऱ्यांचा! पठ्ठ्यानं खिशातून चाकू काढला... आणि अण्णा? गप्प! नुसता घाम!

अंबूबाई म्हणाल्या, "पूजेचं कुंकू खरवडायचं नाही. सरी, कळलं ना? कॉफी घ्या."

कॉफी पिऊन विद्याधर गेला. अण्णांनी असा श्वास सोडला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं! तोच बाई मशीनला तेल घालता घालता म्हणतात, "पहिल्याच वर्षी उघडली, तर आत दुसऱ्याच कुणाच्या तरी हिरव्या दोऱ्याचा गुंता. मिस्त्री म्हणाला, नंबरावरून वय कळतं. दसऱ्याला माझे बाबा यायचे होते. म्हणून कुंकू तिथंच लावलं."

"मग गल्लीभर नवी म्हणून सांगत होतीस?"

"भर मांडवात तुम्हीच नाही का सांगितलंत? नवऱ्याला मी खोटं पाडू?" बाईंनी चाक फिरवून बघितलं. "जुनी असली तरी तेल घातलं की चालते हो. तुम्हाला काय घालायचं, ते तेवढं अजून कळलेलं नाही."

आणि अण्णा? बाईंनी हातात दिलेली तेलाची बुदली धरून... गप्प! पण तुम्हाला सांगतो, इतका सुखानं गप्प बसलेला नवरा मी जन्मात बघितला नाही.