रिकामा कंस

सांगतो, पण हसू नका, डोकं अजून तापलेलंय. आमच्या कॉलेजची परीक्षा ज्या सर्व्हरवर होती, तो म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला आभासी कॉम्प्युटर. तो सांभाळायचं काम माझं. त्याला मेसेज लिहून हुकूम द्यायचा. काम झालं की तो उत्तरात नुसता रिकामा कंस धाडतो, असा: {}.

परीक्षेच्या तोंडावर तो अडकला, अन् मी क्रांती चौकात गर्दीत. प्राचार्यांना फोनवर म्हणलं, "सर, रीसेटचा मेसेज एकदाच पाठवा."

पोचलो तर पोरं ताटकळलेली, अन् सर्व्हर चालू व्हायच्या आत पुन्हा रीसेट होतोय.

"किती वेळा पाठवला, सर?"

"आठदा. उत्तरच देईना. नुसता रिकामा कंस."

"रिकामा कंस म्हणजे काम झालं, सर."

"मग तसं म्हणायचं ना त्यानं."

टाळकंच सरकलं माझं. म्हणलं, "तो गुपचूप काम करतो, सर. व्हय सर, व्हय सर करायला आम्ही हावोत की."