बायकोची साक्ष चालत नाही

...आणि वर तो पेन्शनचा कारकून मलाच म्हणतो, "काका, जरा शांत बसा!" अहो, कसा बसू? पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय, आणि मी एवढंच विचारलं होतं, जुन्या पेन्शनला मी पात्र की अपात्र? दोन शब्दांतला एक उचलायचा, संपलं!

तुम्हाला सांगतो, माझा घात केला तो सभ्यपणानं. नोकरीवर रुजू व्हायला गेलो तो शुक्रवार. हेडक्लार्कच्या टेबलापुढे आम्ही दोघंच, मी आणि एक मुलगी. एकच परीक्षा, एकच यादी, आणि यादीत मी वर, बरं का! पण ती बिचारी घामाघूम, म्हणून म्हटलं, "आधी तुम्ही." झालं! तिच्या कागदावर सही करून साहेब बैठकीला गेले ते गेलेच. हेडक्लार्क डबा उघडत म्हणाले, "तुम्ही सोमवारी या हो, दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

कोसळलं ना! शनिवारपासून नवी योजना लागू! शुक्रवारपर्यंत रुजू झालेल्यांना जन्मभर ठरलेलं पेन्शन, आणि सोमवारवाल्यांना... बाजार देईल ते!

ती मुलगी? ती आता आमच्याच घरी असते. बायको आहे माझी. आभार मानायला म्हणून चहा पाजलान्, आणि मग तो चहा काही संपेचना...

तर इतक्या वर्षांनी सरकारला पाझर फुटला. नवा आदेश निघाला: त्या शुक्रवारी जे हजर होते, पण कार्यालयानंच परत पाठवले, त्यांनाही जुनं पेन्शन. फक्त तेव्हा तिथे असलेल्या माणसाची साक्ष हवी. मी उड्या मारतच गेलो! साक्षीदार घरातच की!

"नातं काय?"

"बायको."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "नातेवाईक चालत नाहीत, काका."

"अहो, तेव्हा कुठे नातेवाईक होती ती?"

"आता आहेत ना? लग्न केलं नसतंत, तर चाललं असतं."

ऐकलंत? आणि मी एवढंच विचारलं होतं, पात्र की अपात्र?

मग हेडक्लार्कना गाठलं. म्हातारे झालेत, पण डोकं तल्लख! "तो शुक्रवार ना? निळ्या साडीतली मुलगी आली होती, काय सुंदर अक्षर तिचं!" म्हटलं, आणि मी? चष्मा पुसून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही... तिचे वडील का?"

आता बोला!

परत त्या कारकुनाकडे. म्हटलं, बाबा रे, शेवटचं विचारतो, पात्र की अपात्र? त्यानं नियमाचं पुस्तक चाळचाळ चाळलं आणि चेहरा उजळला की हो त्याचा! "पात्र आहात, काका! कुटुंब निवृत्तिवेतन! काकू गेल्या, की लगेच तुम्हाला सुरू! म्हणजे त्यांच्या पेन्शनच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त..."

घरी येऊन सांगितलं. पेपरातून मान वर न करता बायको म्हणाली, "मला काही होणार नाहीये, त्याला सांगून या."

होऊन परवडणार कुणाला? ती आहे तोवर घरात अख्खं पेन्शन! तेव्हापासून तिच्या गोळ्या मी देतो, पिशव्या मी उचलतो, जिन्यावर हात धरतो. काल शेजारीण म्हणाली, "या वयातही किती हो जपता त्यांना!"

म्हटलं, जपायला नको? आमच्या दोघांचं पेन्शन जिना उतरतंय!