इंजिनवाला म्हातारा

तुम्ही त्या अंतराळयानाच्या मालिकेत कप्तानाचंच कौतुक करून राहिले. कप्तान राहू द्या बाजूला. त्यातला इंजिन सांभाळणारा म्हातारा सगळ्यात भारी लिहिलाय, अन् ते मला आमच्या तात्यांमुळं कळलं.

माय गेल्यावर मी तात्यांना मुखेडहून लातूरला माझ्याकडं आणलं. मी मालिका लावली की तेही बसायचे. लढाई सुरू झाली की त्यांना डुलकी लागायची, म्हातारा दिसला की सावरून बसायचे.

एका भागात तो म्हातारा इंजिनाच्या घरघरीत एकटाच असतो. मेलेल्या बायकोला नावानं हाक मारतो, एकदाच, अन् पाना उचलून कामाला लागतो.

तात्या म्हणाले, "ह्याला नाव तरी घेता येतंय."

"म्हंजे?"

"मी तिला जल्मभर 'ऐकलं का' म्हणूनच हाक मारली. आता तसं म्हणलं की तू ओ देतो."



दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या स्वयंपाकघरातून तात्यांचा आवाज आला, "सुमन."

त्यांच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. मला वाटलं, कुणी पाहुणी आलीय.