ब्लूबेल आणि गायीचा कान

आमच्या इराच्या ब्लूबेलचं तुम्हाला सांगितलं का? शाळेतून निरोप आला, स्प्रिंग वॉकला जा, ब्लूबेलच्या निळ्या, घंटीसारख्या फुलांसोबत फोटो पाठवा. शाळेचं पुस्तक इंग्लंडचं, आम्ही कुवेतमध्ये. वर्गात एकटी इराच फोटोविना राहील, या धास्तीने मी आमच्या एगैला भागापासून रोपांच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. शेवटी जवळच्या अहमदी गावात एका जुन्या बंगल्याच्या कुंपणावर निळी फुलं दिसली. तिथले माळी, रत्नागिरीचे हसनचाचा, पाणी घालत होते.

"चाचा, हे ब्लूबेलच ना?" मी आशेने विचारलं.

"गोकर्ण हाय गो."

"आई, इट्स नॉट अ बेल," इरा म्हणाली.

"घंटी नाय तर नाय, गायीचा कान तर हाय?" म्हणत चाचांनी फूल तिच्या कानामागे खोचलं. ती खिदळली. मी तेवढ्यात फोटो काढला आणि खाली बिनदिक्कत 'ब्लूबेल' लिहून पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी टीचरचा मेसेज. 'इरा म्हणते हे फूल नाही, गायीचा कान आहे, आणि आईला माहीत आहे. घरी सगळं ठीक आहे ना?'

अर्धा तास घाम पुसून मी उत्तर लिहिलं, 'ठीक आहे. तिला मराठी यायला लागलंय.'