मुशीच्या तेलाची पेटी

जरा ह्या बाजूला बसा, उजवीकडं. डावा कान पार गेलेला हाय माझा, आन् उजवा म्हंजे निम्मा. हां, असं. आता येतंय ऐकू.

तर काय सांगू तुमाला, आमी कोळी मानसं, बापाची होडी व्हती, आज्याची व्हती, मी रेवसलाच जल्मलो आन् ह्या धक्क्यावरच म्हातारा झालो. सात भावंडांत मी चौथा, म्हंजे धड थोर न्हाय धड ल्हान न्हाय, माझ्याकडं बघायला कुनाला सवडच नव्हती, म्हनून मी बेंजोच्या नादाला लागलो. बेंजो ठावं हाय ना तुमाला, त्यो बटनांचा, मांडीवर घेऊन डाव्या हातानं बटनं दाबायची आन् उजव्या हातानं तारा छेडायच्या. आमच्याकडं हळद म्हनली की बेंजो पायजेच, त्याबिगर नवऱ्याला हळद चढतच न्हाय. बाप म्हनायचा, नामदेवा, बटनं दाबून पोट भरत न्हाय. खरं व्हतं त्याचं. पन मला मासळीपेक्षा त्यो आवाज गोड लागायचा, आता ह्याला काय करनार.

धर्मा करंज्याचा, खाडीच्या पलीकडचा. इथून होडीनं गेलं की उतरल्यावर त्याचं घर. माझ्यापेक्षा दोन वर्सानं थोर. मुंबईच्या बंदरात कामाला व्हता तवा तिथं कुनाकडनं तरी गिटार शिकला आन् गिटार घेऊनच गावी आला, आन् आमच्यात तवा गिटार कुनी जवळनं बघितलेली पन नव्हती. एका हळदीत आमची दोघांची गाठ पडली. मी बेंजो वाजवत व्हतो, ह्यो मागं येऊन उभा ऱ्हायला आन् इचारता न सवरता गिटार लावून घेतली. मला राग आला. दुसऱ्या गान्याला राग गेला. तिसऱ्या गान्याला लोक नाचायचे थांबून आमच्या दोघांकडं बघत बसले, आन् तवापासनं आमची पार्टी झाली.

आता ती पेटी. पेटी म्हंजे बाजाची पेटी न्हाय, अँप्लिफायर, गिटारचा, इलायती. मुंबईतल्या एका हॉटेलात वाजवनारा म्हातारा परदेशात पोराकडं चालला व्हता, त्यानं इकायला काढला. आतमधी काचेचे वॉल्व, जुन्या रेडिओत असायचे तसे, बटन दाबलं की लगेच वाजत न्हाय, आधी तांबूस उजेड पडतो, मंग हळूहळू तापतो आन् मंग आवाज येतो. आन् काय आवाज व्हता म्हनून सांगू, नव्या पेट्यांचा आवाज कानावर पडतो, ह्याचा छातीत जायचा. पुढं पिना लावायला दोन जागा व्हत्या. धर्मा म्हनला एक तुझी एक माझी. निम्मे त्यानं घातले निम्मे मी, आन् भाऊच्या धक्क्यावरनं लाँचमधी दोघांनी मांडीवर घेऊन आनली, खाली ठेवली न्हाय, खाली पानी असतंय.

धा-बारा वर्सं वाजवलं आमी. उरनपासनं अलिबागपतूर कुठं न्हाय गेलो सांगा. दोघांची लग्नं झाली, माझ्या लग्नात त्यो वाजवत व्हता आन् मी नवरा असून हळद लागल्या अंगानं उठून बेंजो धरला, माझी सासू अजून बोलून दाखवते. म्हंजे दाखवायची, आता ती पन न्हाय.

मंग मी ती चूक केली. आता सांगायला लाज न्हाय वाटत, पन कैक वर्सं मी कुनाला सांगितली नव्हती. झालं काय, पेटीचं वरचं कातडं फाटलं व्हतं, खाऱ्या हवेनं सगळं सुटून आलं व्हतं, म्हनून धर्मानं ते सोलून टाकलं. आत कोरं लाकूड. पेटी तवा माझ्याकडं व्हती आन् पावसाळा तोंडावर आलेला. आता आमच्यात कोरं लाकूड दिसलं की हात गप बसत न्हायत. होडीला आमी काय करतो, मुशीचं तेल लावतो, मुशी म्हंजे तुमचा शार्क, त्याचं तेल दोनदा तीनदा जिरवलं की लाकडाला खारं पानी धरत न्हाय आन् किडा पन लागत न्हाय. बापानं मला तेच शिकवलं. मी इचार केला, एवढी मोलाची चीज, होडीत घालून नेतो आनतो, हिला पन लावू. धर्माला सांगायचं पन न्हाय, बघून खूश होईल. आन् लावलं, भायेरनं लावलं, मागनं लावलं, फटीफटीतनं लावलं, अगदी मन लावून. दोन दिस उन्हात ठेवली. काय चमकत व्हती!

तिसऱ्या दिवशी थळच्या अंगाला हळद. मोठं घर, चारशे मानूस मांडवात. धर्मानं बटन दाबलं, वास आला त्याला, म्हनला सुकटीची पाटी ठेवलेली का रं जवळ? मी खाली मान घालून बेंजोच्या तारा लावत बसलो. पयलं गानं झालं, दुसरं झालं, आन् वॉल्व तापले तसं आतमधी झिरपलेलं तेल पन तापलं. आधी वास. असा वास की नवरीकडच्या बाया नाकाला पदर लावून उठल्या. मंग धूर. मंग आत काच फुटल्याचा आवाज झाला आन् सगळं गप. लोक हसले हो. चारशे मानूस हसलं. कुनीतरी वरडला, मुशी भाजली, चटनी आना! धर्मानं पेटीवर हात ठेवला, हाताला तेल लागलं, त्याचा वास घेतला आन् माझ्याकडं बघितलं. गिटार गळ्यातनं काढली, पेटी उचलली आन् गेला. मी मागं धावलो न्हाय. लाज वाटत व्हती मला, आन् लाजेचा मंग राग झाला, की मी चांगलंच करायला गेलो व्हतो ना, एक शब्द तरी इचारायचा.

बावीस वर्सं. करंजा इथनं दिसतो, ह्या धक्क्यावर उभं ऱ्हायलं की दिसतो, आन् बावीस वर्सं आमी बोललो न्हाय. त्यो म्हनला असंल ह्यानं यावं, मी म्हनलो त्यानं यावं. मी बेंजो सोडला, लाँचवर इंजिनाजवळ कामाला लागलो, आन् त्या इंजिनानं डावा कान खाल्ला. उजवा कशानं गेला, डाक्टर म्हनतो वयानं. असंल. त्यो म्हनला कानाला मशीन लावा, आहे तेवढं तरी टिकंल. माझी मंडळी यशोदा, तिनं सुकी मासळी इकून इकून मशीनचं जमवत आनलं. मला घाई नव्हती. आता हळदीला डीजे वाजतो, त्यो मला ऐकू आला काय न आला काय सारखंच.

गेल्या पावसात धर्मा गेला. मयताला मी गेलो होडीनं, मागं उभा ऱ्हायलो, परत आलो. त्याची बायको हिराबाय, मी वैनी म्हनतो, तिच्याशी पन नजर न्हाय मिळवली.

मंग दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला. फोन मला ऐकू येत न्हाय म्हनून यशोदानं घेतला आन् मला वरडून सांगितलं, हिरावैनी पेटी इकतायत, तुमाला बोलावलंय. मी म्हनलो मला कशाला? तर यशोदा म्हनली, अवो, भागीदार न्हाय का तुमी?

आता हे तुमाला सांगायला पायजे. आमच्यात होडी दोघांच्या भागीत असली ना, तर आपला वाटा इकायच्या आधी भागीदाराला इचारायचं. भांडन असू दे, तोंड बघत नसू दे, इचारायचंच. त्याला नको असंल तर मंग दुसऱ्याला. पन ती होडीची रीत झाली. वाजवायच्या पेटीला कोन इचारतो!

गेलो. वैनी पनवेलला लेकीकडं कायमची चाललीय, घर आवरत व्हती. लेकीचा ब्लॉक ल्हान, तिथं ती पेटी नको. मांडव्याकडं बंगला घेतलेला मुंबईचा एक साहेब, त्याला असल्या जुन्या वस्तूंचा नाद, त्यो येऊन फोटो काढून गेलेला आन् भाव पन चांगला बोललेला. वैनी म्हनली, भावोजी, हे जाताना सांगून गेले, निम्मी नाम्याची हाय, त्याला इचारल्याबिगर इकू नको. आता तुमी सांगा. इकायची तर निम्मे तुमचे, तुमचं मशीन येईल, यशोदानं सांगितलंय मला सगळं. ठेवायची तर माझ्या वाट्याचे पैसे देऊन घेऊन जावा.

मी पेटीकडं बघितलंच न्हाय पयलं. मंग बघितलं. तेच लाकूड, काळं पडलेलं. मी म्हनलो, वैनी, ह्यानं लाकूड बदललं न्हाय? ती म्हनली, उरनचा रेडिओवाला दुरुस्तीला आला तवा त्यो पन म्हनला नवी पेटी करू, हिला वास येतोय. हे म्हनले, आतलं बदल काय बदलायचं ते, लाकडाला हात लावू नको, ते काम नाम्यानं केलंय. घरातले सगळे दरवाजे किड्यानं खाल्ले भावोजी, खिडक्या खाल्ल्या, त्या पेटीला टाचनीएवढं भोक न्हाय, हे आल्यागेल्याला दाखवायचे.

मी तिथंच खाली बसलो. म्हनलो, वैनी, हे मला कधी बोलला न्हाय त्यो. ती म्हनली, मला बोलायचे, तुमाला कसं बोलनार, तुमी आला न्हाय. आन् ती काय रागानं न्हाय बोलली, जसं झालं तसं बोलली. मला रडू आलं. एवढा मोठा मानूस मी, तिच्या ओटीवर बसून रडलो.

तिनं बटन दाबलं. तांबूस उजेड आला. तापली तसा वास आला, थोडासाच, पन त्योच. वैनीनं गिटार लावून एक तार छेडली आन् माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. मला काय ऐकू आलं सांगू का, लांबून लाँच जाते तसं काहीतरी. बस, तेवढंच. छातीत न्हाय गेलं. मंग मी शान्या मानसावानी म्हनलो, इका वैनी, मला आता ती उपयोगाची न्हाय. वैनीनं साहेबाला फोन लावला. साहेब वैनीला म्हनला, ठीक आहे, आतलं सामानच मला हवं, लाकडाला वास आहे, ते मी फेकून नवीन करून घेईन. वैनीनं मला ते मोठ्यानं सांगितलं, पुन्हा सांगितलं, पन मला पयल्या वेळीच ऐकू आलं व्हतं.

न्हाय म्हनून सांगा त्याला, मी म्हनलो.

घरी येताना होडीत हिशेब केला. वैनीच्या वाट्याचं देनं म्हंजे मशीनसाठी जमवलेले जवळजवळ सगळे पैसे, आन् ते माझे न्हायत, यशोदाचे. उन्हात बसून मासळी वाळवलेली तिनं. मी तिला सगळं सांगितलं, तेल, लाकूड, साहेब. ती सुका जवळा निवडत व्हती, हात काय थांबला न्हाय तिचा. म्हनली, मशीन लावून तुमी काय ऐकनार, माझंच बोलनं ना? ते मी वरडून सांगीन, आजपतूर सांगतेच हाय. जावा, घेऊन या. पन घरात त्या वासाबद्दल मला एक शब्द बोलायचा न्हाय.

तर ही बघा ती. त्या फडक्याखाली. मी मांडीवर घेऊन आनली पलीकडनं, खाली ठेवली न्हाय. रोज दिवेलागनीला बटन दाबतो, हवा खारी, तापवली न्हाय तर आत दमट धरतं, धर्मा पन रोज तापवायचा, वैनी म्हनली. बेंजो काढलाय, एक पीन माझी लावतो. दुसरी जागा मोकळी असते. वाजवतो, कसं वाजतं मला काय ठावं, यशोदा आतनं वरडते, तार उतरलीय! मी चढवतो. बोटं दुखतात, लवकर दमतो, दोन गानी झाली की पुरे. मी बरोबर केलं का चूक, इचारू नका. डाक्टर म्हनला उजवा पन वर्सा-दोन वर्सात जाईल. जाऊ दे. धर्मा माझ्याशी बोलला असता तवा माझे दोन्ही कान शाबूत व्हते, आन् मी इथं धक्क्यावर उभा राहून नुसता करंज्याकडं बघत व्हतो.

तुमचे कान टिकू देत बाबा, म्हातारपनी सगळ्यांचं सगळं ऐकू येऊ दे तुमाला. चा घेऊन जावा. तुमची होडी किती वाजताची म्हनलात? ह्या बाजूनं सांगा, मोठ्यानं.