हाजींच्या हौदाचे पाणी पोपटी झाल्याबाबत

नाव: हाज बेलईद अझेरवाल. वय: ५८ वर्षे. धंदा: अतिथीगृह आणि खजुराची बाग, शिवाय गावच्या पाणीमंडळाचा अध्यक्ष. राहणार: वरची आळी, मौजे तारगाझीम, द्रा खोरे.

मी वरील हाज बेलईद आपल्या पायांनी चौकीवर येऊन, कोणाचा दबाव नसताना सांगतो की, मी तक्रारदार आहे. हे आधी लिहून घ्यावे. कारण चौकीबाहेर जमलेली खालच्या आळीची मंडळी सकाळपासून माझ्याकडे आरोपीकडे बघावे तशी बघत आहेत.

तक्रार अशी की, गुरुवारी दुपारच्या चहाच्या सुमारास माझ्या अतिथीगृहातील पोहण्याच्या हौदाचे पाणी पोपटी झाले. हिरवट नव्हे, पोपटी. त्या वेळी हौदात एक फ्रेंच आजीबाई पोहत होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पांढऱ्या केसांना कोवळ्या पुदिन्याचा रंग चढला होता. त्या आरशात बघून हसल्या आणि त्यांनी फोटो काढून घेतले. त्यांची तक्रार नाही, पण माझी आहे.

माझी बायको यामना म्हणाली, "अहो, पाणीच आहे ना? उपसून टाका आणि गप्प बसा." तिला कायद्यातले काही कळत नाही असे मी तिला सुनावले. मग मी गावच्या मुकादमाला बोलावून गल्लोगल्ली विचारायला लावले की हाजींच्या हौदात विष कोणी कालवले. ठाणेदारसाहेब कंटाळा करत होते, तरी त्यांना हौदाशी आणून मी बाटलीत पाणी भरायला लावले आणि त्यावर लाखेचे सील मारून घेतले. "हा सरकारी पुरावा आहे साहेब, जिवापाड जपा," असे मी त्यांना म्हणालो. असे म्हणाल्याचे मला चांगले आठवते.

रंग कोणी घातला हे त्याच रात्री कळले, कारण कोणी ते लपवलेच नव्हते. येथील माध्यमिक शाळेत जीवन व पृथ्वी विज्ञान शिकवणाऱ्या उस्तादा राबहा तिजानी या माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला घेऊन त्या दिवशी सकाळी खत्ताऱ्यावर गेल्या होत्या. खत्तारा म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीच्या पोटातून गावात येणारा आमचा पाट. गाळ काढायला त्यावर ओळीने विहिरी खणलेल्या आहेत. पाणी खालच्या आळीच्या बागांपाशी उजेडात येते आणि तिथे पाटकरी बा हद्दू प्रत्येक घराला त्याची पाळी देतो. भूजल कसे वाहते हे मुलांना फळ्यावर न दाखवता प्रत्यक्ष दाखवावे, अशी या बाईंना हौस. त्यांनी सर्वांत वरच्या विहिरीत रंग ओतला आणि अर्धा वर्ग बरण्या घेऊन खाली पाटाच्या तोंडाशी बसवला. हा रंग पाण्याचा माग काढायलाच वापरतात आणि पोटात गेला तरी बाधत नाही, असे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले. मी त्यांना विचारायला नको होते.

पाटाच्या तोंडाशी रंग आलाच नाही. तिथे दोन वर्षे पाणीच करंगळीएवढे येते. खालच्या आळीच्या कितीतरी खजुरी शेंड्यापासून वाळल्या आहेत, दोन घरे गाव सोडून गेली. हा दुष्काळ आहे, अल्लाची मर्जी आहे, सबुरी धरा, असे मी अध्यक्ष या नात्याने भर सभेत त्यांना समजावले होते. सभेत काही जणांचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते.

येथे हेही नमूद करतो की, खत्ताऱ्याच्या विहिरींना जो नळी किंवा पंप लावील त्याच्या घराची पाळी कायमची जाते, असा आमचा जुना रिवाज आहे. अध्यक्ष झाल्यावर मी तो पाटाच्या तोंडाशी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला. अक्षर फार सुंदर आले आहे.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा बा हद्दूने बाईंची थट्टा केली, "काय हो उस्तादा, तुमचा रंग डोंगर प्यायला वाटतं!" त्यावर त्या मुलांना म्हणाल्या, "प्रयोग फसला तरी लिहून ठेवायचा. घरी जाताना कुठे रंग दिसला, तर बरणीत भरून उद्या वर्गात आणा." म्हणजे बाईंचा प्रयोग फसलेला होता. मी मुकादमाला फिरवले नसते तर तो फसलेलाच राहिला असता.

माझी मुलगी तुदा, वय १३, याच वर्गात आहे. शुक्रवारी ती बरणी घेऊन शाळेत गेली आणि वीसपैकी वीस गुण घेऊन घरी आली. मला इतका आनंद झाला की, गुण कशाचे हे विचारायच्या आधी मी चहाच्या दुकानात बसलेल्या सगळ्यांना चहा पाजला. खालच्या आळीचेही होते. त्यांनी चहा घेतला आणि गुण कशाचे ते त्यांनीच मला सांगितले.

आज चौकीत मी ठाणेदारसाहेबांना म्हणालो, "या बाईंची आधी बदली करा. पोरांना नको ते शिकवतात."

उस्तादा राबहा म्हणाल्या, "हाजीसाहेब, मी फक्त रंग ओतला. तो कुठं निघाला ते तुम्हीच गावभर सांगितलंत."

ठाणेदारसाहेबांनी विचारले, "हाजी, हौदात पाणी कुठलं?"

"माझ्या स्वतःच्या विहिरीचं."

"मग तुमच्या विहिरीत हा रंग आला कुठून?"

मी प्यायला पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर मी सांगितले की, तो रंग नसावा, शेवाळ असावे, किंवा आजीबाईंचा शाम्पू असावा.

"उत्तम!" ठाणेदारसाहेब म्हणाले. "म्हणजे गुन्हाच घडला नाही. बाई सुटल्या, तुम्ही सुटलात, मी जेवायला मोकळा. फक्त मुलीच्या बरणीचं काय करायचं? हौदात रंग नव्हता, तर तिनंच तो बरणीत कालवला, असं लिहावं लागेल. शाळेला कळवू. गुण रद्द करतील."

तुदाला साक्षीला बोलावले होते, म्हणून ती बाकावर बसली होती. बरणी तिच्या मांडीवर होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, बरणीकडे बघत होती.

तुदा मला चार मुलग्यांच्या पाठीवर झालेली आहे. चौघेही अभ्यासात दगड आणि बापाशी बोलताना पट्टीचे थापाडे. ही मुलगी आजवर माझ्याशी खोटे बोललेली नाही. माझा तिच्यावर फार जीव आहे. हे जबाबात लिहीत नसतील, तरी लिहावे.

सबब, माझी मुलगी खोटे बोलली असे कुठल्याही कागदावर येऊ नये. हौदातले पाणी खत्ताऱ्याचे आहे. चौथ्या विहिरीतून नळी निघते आणि जमिनीखालून माझ्या बागेत येते. ती का टाकली ते मी पाणीमंडळापुढे सांगेन. माझी पाळी काढून घेण्याची ती सभा अध्यक्ष म्हणून मलाच बोलवावी लागेल. उस्तादांविरुद्ध माझी तक्रार नाही.

माझा चष्मा घरी राहिल्याने हा जबाब तुदाने मला वाचून दाखवला. तिने तो शाळेतला धडा वाचावा तसा खणखणीत वाचला आणि नळीच्या वाक्याशी येऊन थांबली.

"बाबा, चौथी विहीर बुजलेली आहे. नळी पाचवीत आहे. वर्गात नकाशा करायला गेलो होतो, तेव्हा मी पाहिली."

"मग इतके दिवस घरी बोलली का नाहीस?"

"उस्तादा म्हणतात, आधी प्रयोग, मग निष्कर्ष."

चौथी खोडून पाचवी केली. हा जबाब आता माझ्या सांगण्याप्रमाणे नसून तिच्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि तो बरोबर आहे.

सही: हाज बेलईद अझेरवाल